चादरीमागचा केरू

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचा खटका एवढ्या मोठ्याने वाजायचा, की तीन शेतं पलीकडे बांधलेली म्हैस दचकून पान्हा चोरायची. खोटं वाटत असेल तर मखमलाबादेत कोणालाही विचारा. ते आधी तुम्हालाच विचारतील, "कोणी सांगितलं? कोंडाजीने?" आणि हसतील. हसू द्या. झेंडू आणि गुलछडी लावून मी पोट भरलं, पण गावाला हसवलं ते गप्पांनी. त्यातही निम्मा वाटा केरूचा. ही गोष्ट त्याचीच आहे.

तो कॅमेरा म्हणजे नुसता काळा डबा. पंचवटीतल्या एका रिटायर मास्तरांच्या देवाला मी वर्षभर हार पोचवले, आणि एक्क्याण्णव साली त्यांनी तो डबा माझ्या हातात ठेवला. "कोंडाजी, माझे डोळे गेले. आता तू बघ," म्हणाले. डब्यावर एक बारकी काच होती. डबा पोटाशी धरून, मान खाली घालून तिच्यात बघायचं. तिच्यात माणूस हरभऱ्याएवढा दिसायचा. हरभऱ्याला नाक आहे का, त्याचे डोळे उघडे आहेत का, हे काही कळायचं नाही. हरभरा मधोमध आला की मी खटका दाबायचो.

सखुबाई, म्हणजे आमची मंडळी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देवानं दोन डोळं दिल्यात ते पुरत नाय व्हय?"

"डोळ्यांना दिसतं, पण ते विसरतात."

"मग त्या डब्याला ईचारा, काल बाजारातून मीठ आनायचं कोन विसरलं."

पहिला फोटो सासूबाईंचा काढला. गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसवलं. मागे म्हैस होती, हे हरभऱ्याएवढ्या काचेत दिसायचं कसं? फोटो धुऊन आला तेव्हा सासूबाईंच्या डोक्यातून दोन्ही बाजूंना ऐटबाज शिंगं उगवलेली. त्या पुढे जिवंत होत्या तोवर मला जावई म्हणाल्या नाहीत, 'ते फोटोवाले' म्हणाल्या.

तो फोटो बघून माझ्या शेजारच्या मळ्यातला केरू बांधावर बसून पोट धरधरून हसला. केरू माझ्याच वयाचा. ज्वारीच्या ताटासारखा उंच आणि वाळका, डोक्यावर टोपी, आणि नाक असं की पावसात त्याच्या मिशा भिजत नसत. दिवसरात्र झेंडू तोडून त्याची बोटं पिवळी झाली होती. कितीही घासली तरी हळद लागल्यासारखी दिसायची. हसून झाल्यावर तो उठला, दोरीवर वाळत घातलेली आमची पांढरी चादर ओढली, दोन्ही हात वर करून ती धरली आणि तिच्यामागून म्हणाला, "आता कुनालाबी बशिव म्होरं. शिंगं येत्याल का बघ!"

चादर सखुबाईने मालेगावहून आणलेली, चांगल्या पन्ह्याची. त्या दिवसापासून ती अंथरूण राहिली नाही.

त्या काळात जो तो फोटो मागत होता. मतदानाच्या कार्डाला फोटो, शाळेच्या फॉर्मला फोटो, बँकेच्या पुस्तकाला फोटो. नाशकात जाऊन स्टुडिओत बसायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, मग लोक आमच्या अंगणात यायचे. मी डबा धरायचो, केरू चादर धरायचा. वारा कुठून येतोय हे त्याला कानाच्या पाळीला कळायचं. तेवढी बाजू तो पायाने दाबून ठेवायचा. आणि मागून त्याचं तोंड सुरू व्हायचं.

आमच्याकडची माणसं कॅमेऱ्यासमोर बसली की पोलिसाने पकडल्यासारखी दिसत. केरूला ते मागून, न बघताच कळायचं. कोणी म्हातारी ताठ झाली की चादरीमागून आवाज यायचा, "आत्याबाई, दात दाखवा! नायतर सरकार म्हनंल, बाई उपाशी हाय!" म्हातारी खुदकन हसली की तो ओरडायचा, "काढ बिनघोर!" आणि मी खटका दाबायचो. आमच्या शिवारातले लोक मतदान कार्डावरसुद्धा हसताना दिसतात ते त्यामुळे. दिल्लीहून मोठे साहेब फक्त हे बघायला आले होते, की या गावात लोक कशावर एवढे खूश आहेत. ते आले तेव्हा तुम्ही नव्हता, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

सगळ्यांचे फोटो निघाले, केरूचा मात्र निघेना. "ये, बस खुर्चीवर," म्हटलं की तो म्हणायचा, "माझा कशाला? मला वळखत नाय असं कोन हाय हितं?" मतदान कार्डाचे लोक आले त्या दिवशीही तो सगळ्या गावामागे चादर धरून उभा राहिला आणि स्वतःचा नंबर आला तेव्हा फुलांची पाटी घेऊन सायकलवरून पसार झाला.

शहाण्णव साली मी मनमाडच्या एका गार्डाकडून दुसरा कॅमेरा घेतला. त्याला हातभर लांब दुर्बिणीसारखी काच होती. तिच्यातून आमच्या ओट्यावर बसून रामशेजच्या किल्ल्यावरच्या माकडाच्या कानातली ऊ दिसायची, आणि ती नर का मादी हेही कळायचं. म्हटलं, आता केरूला लांबूनच धरतो. तो वाफ्यात वाकलेला असताना मी काच रोखायचो, आणि ऐन खटक्याच्या वेळी तो पाठ फिरवायचा. त्याच्या पाठीचे माझ्याकडे एवढे फोटो आहेत, की त्याच्या सदऱ्याला कोणतं ठिगळ कोणत्या वर्षी लागलं ते मी सांगू शकतो. पुढे चकाकी मारणारा आपोआपचा कॅमेरा आला. संध्याकाळी पहिली चकाकी मारली तर कोंबडे आरवले आणि सखुबाईने सडा टाकला. तेवढ्या उजेडातही केरूने टोपी तोंडावर ओढून घेतली.

पण पारावर माझं नाक वर राहिलं पाहिजे ना! मी सगळ्यांना ठोकून दिलं, की केरूचा फोटो मी काढलाय आणि असा फक्कड आलाय की बघून त्याची बायको लाजली. केरू तिथेच बसलेला. त्याने नुसती मान हलवली. त्याची मुलगी सुवर्णा तेव्हा शाळेत जायची. तिने ते ऐकलं आणि खरं मानलं. माझी एखादी गोष्ट कोणी खरी मानेल, याची मला सवयच नव्हती.

दोन हजार तीनच्या सिंहस्थात झेंडूला अशी मागणी होती, की आमची बोटं केरूपेक्षा पिवळी झाली. त्यानंतरच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि केरू गेला. मी चादर धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवली. माणसांचे फोटो काढणं आपोआप थांबलं. मग पाखरं आणि फुलं. त्यांना मागे चादर लागत नाही आणि त्यांना हसवावं लागत नाही.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात सुवर्णाचं लग्न ठरलं. मुलगा दीपक, मनमाडचा, रेल्वेत. मांडवाच्या आठवडाभर आधी ती आमच्या ओट्यावर आली. मी तेव्हा नव्या डिजिटल कॅमेऱ्याशी झटत होतो. त्यात रोल घालायचा नसतो हे ऐकल्यापासून सखुबाई विचारत होती, "मंग घालता काय त्यात? वारा?"

सुवर्णा म्हणाली, "तात्या, बाबांचा फोटो द्या ना."

मी कॅमेऱ्यातच बघत राहिलो.

"देवकाजवळ पाटावर ठेवायचाय. नवरीने आधी बापाच्या पाया पडायचं असतं. आई म्हणते नुसती सुपारी ठेवू. मला सुपारीच्या पाया पडून नाही जायचं मनमाडला. तुम्ही काढला होता ना एक, आई लाजली होती तो?"

सखुबाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. आता ह्या वेळी 'ती थाप होती' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "हो, आहे की. शोधावा लागेल."

सुवर्णा हसली. तिचं हसणं अगदी बापाचं. मग काय, शोधायला बसलो.

निम्म्या निगेटिव्ह तर मी धुणाऱ्याकडून परतच आणल्या नव्हत्या. ट्रंकेत होत्या तेवढ्या सगळ्या उन्हात धरून बघितल्या. सुवर्णा शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी तिच्याच लक्षात आलं. "तात्या, हे बघा." एका पोराचा शाळेचा फोटो. चादरीच्या वरच्या कडेवर, दोन्ही कोपऱ्यांना, चार-चार बोटं. दुसऱ्यात तीच बोटं. तिसऱ्यात खाली दोन पाय, अंगठा बाहेर आलेली चप्पल. मी इतकी वर्षं तो वरचा भाग कापूनच लोकांना देत आलो, फॉर्मवर तोंडच लागायचं. अंगणात येऊन बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे केरू उभा होता, आणि मला तो कधी दिसला नव्हता.

"आहेत इथे बाबा," सुवर्णा म्हणाली. "पण तोंड नाही."

भिंतीवर लावायचे फोटो मी न कापता दिले होते, म्हणून मग आम्ही घरोघरी हिंडलो. न जाणो, एखाद्या भिंतीवरच्या फोटोत वाऱ्याने चादर उडाली असेल, टोपीखालचं नाक डोकावलं असेल. लोक खिळ्यावरून फ्रेमा काढून द्यायचे, आणि फोटो हातात आला की सांगायला लागायचे. एक जण म्हणाला, "मागनं म्हनला, नीट बस, तुझ्या सासऱ्याला धाडायचाय फोटो. तवा माझं लगीन बी ठरलं न्हवतं!" एका विधवा बाईने पदराने काच पुसली. "मालक गेल्यावर पहिल्यांदा हसले ती ह्याच दिवशी," एवढंच बोलली आणि आम्हाला गूळ-शेंगदाणे खायला लावले. सुवर्णा प्रत्येक घरातून निघताना जरा जास्तच ताठ चालायची. पण तोंड कुठेच नव्हतं.

शहरात एक कॉम्प्युटरवाला सांगितल्याप्रमाणे चेहरा जुळवून देतो, असं कळलं. गेलो. केरूची बायको चंद्रभागावहिनीही आली. त्याने विचारलं, "नाक कसं होतं?" वहिनी म्हणाल्या, सरळ. मी म्हणालो, सरळ कसलं, त्याच्यावर टोपी अडकवता यायची. सुवर्णा म्हणाली, टोकाला थोडं खाली झुकलेलं. तासभर नाकाची पंचाईत चालली. शेवटी पडद्यावर एक गृहस्थ तयार झाला.

वहिनी त्याच्याकडे बघून पदर सावरत उठल्या. "ह्यो कुनी मंत्री दिसतुया. ह्याला मी मांडवात नाय बसवनार."

बाहेर आल्यावर सुवर्णा मला म्हणाली, "तात्या, खरं सांगा. तो फोटो नव्हताच ना?"

जन्मात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असू द्या. सुपारी ठेवू," आणि आईचा हात धरून रिक्षात बसली.

राहिली होती एक चतुराबाई. मेथीच्या जुड्या विकणारी, तोंडाने फटकळ. तिच्या घरी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा तिने दारातूनच सांगितलं होतं, "माझ्याकडं फोटू नाय." मांडवाच्या आदल्या दिवशी, मी दारावर तोरण बांधायची फुलं निवडत होतो, तेव्हा ती काखेत फडकं घेऊन आली.

"हसशील तर हितनंच जाईन," म्हणाली.

"नाही हसत."

"कोंडाजी, तू डब्यावाला व्हतास तवाचा हाय. मी काळी आली म्हून तू दुसरा काढलास आन् ह्यो टाकाया निघालास. माझा पयला फोटू मी टाकू देईन व्हय? उचलला आन् कनगीत ठिवला. काळी तर काळी, मीच हाय ना ती!"

मला लख्ख आठवलं. दुपार कलली होती. मी तिला पश्चिमेकडे तोंड करून बसवत होतो, म्हणजे ऊन तोंडावर येईल. ती ऐकेना. पाटावर बसायचं ते पूर्वेकडेच तोंड करून, मावळतीकडे तोंड करून बसायला मी काय सुतकात आहे, म्हणाली. तिची आई, आजी, सगळ्या तशाच बसल्या म्हणे ओवाळून घ्यायला. शेवटी वैतागून मी खुर्ची फिरवली, केरू चादर घेऊन तिच्यामागे गेला, आणि मावळतीचं ऊन केरूच्या पाठीवर आलं. हरभऱ्याच्या काचेत मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

चतुराबाईने फडकं सोडलं.

खाली खुर्चीवर चतुराबाई, कोळशासारखी. आणि तिच्या डोक्यावर, उन्हाने झगमगलेल्या चादरीवर, केरू. सावली, पण अशी रेखीव की कात्रीने कापून लावावी. दोन्ही हात वर. टोपीचं टोक. बांधावरून कोणीतरी हाक मारली असणार, त्याने मान वळवली होती, म्हणून नाक आडवं आलेलं, सगळंच्या सगळं. ओठ उघडे. काहीतरी बोलून स्वतःच हसतोय.

सखुबाईने मला विचारलंही नाही. ती पळतच बांध ओलांडून गेली आणि सुवर्णाला हाताला धरून घेऊन आली. सुवर्णाने फोटो दोन्ही हातांनी घेतला. नाकावरून बोट फिरवलं.

"खाली झुकलेलंच आहे," म्हणाली. मग खाली बसली आणि चतुराबाईच्या मांडीत डोकं घालून रडली. चतुराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्यावर खेकसली, "बघतो काय? मोठा करून आन. आन् मला कापायचं नाय!"

मी तो फोटो डिजिटल कॅमेऱ्याने उतरवून घेतला आणि शहरात पळालो. कॉम्प्युटरवाल्याने पाटाएवढा काढून दिला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी देवकाजवळ पाटावर केरूबरोबर चतुराबाईही बसली, आणि नवरी दोघांच्याही पाया पडली. चतुराबाई अजून बाजारात गिऱ्हाइकाला सांगते, "जुडी परतवू नको, नवऱ्या पाया पडत्यात माझ्या."

लग्न लागायच्या वेळी भटजींनी अंतरपाट मागितला. सुवर्णाने सखुबाईला खूण केली. सखुबाईने पिशवीतून आमची मालेगावची चादर काढली.

"हे जुनं दिसतंय," भटजी म्हणाले.

"धुतलेलं आहे," सुवर्णा म्हणाली. "आणि याच्या आड मुहूर्त कधी चुकला नाही." मला तर वाटतं ही थाप तिने माझ्याकडूनच उचलली. भटजींनी चादरीची घडी उलगडली, कुंकवाने स्वस्तिक काढलं.

मी कॅमेरा घेऊन बोहल्यासमोर तयार. तेवढ्यात सुवर्णा डोकं खाली घालूनच म्हणाली, "तात्या, एक बाजू तुम्ही धरा."

"मी? मग फोटो कोण काढणार?"

"कोणीही काढेल. चादर कोणीही धरू शकत नाही."

मांडवभर लोक बघत होते. मी गळ्यातला पट्टा काढला आणि समोर जी उभी होती तिच्या गळ्यात घातला. सखुबाईच्या.

"कुठं दाबायचं?" तिने विचारलं.

"वरचं बटण. ते सोडून दुसरं काही दाबू नको."

एक टोक भटजींच्या मेहुण्याने धरलं, एक मी. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं कडवं संपेपर्यंत माझे खांदे भरून आले. दुसऱ्यात कोपरं खाली येऊ लागली. चादर वाऱ्याने फुगली, मी खालची कड पायाने दाबली. हा माणूस सगळ्या गावासाठी असा उभा राहिला, मतदान कार्डाच्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत, आणि वरून विनोद करत होता! मला तर श्वास पुरत नव्हता. तिथून दिसतं तरी काय? समोर पांढरं कापड, बाजूला माणसांचे कान. माणूस घाबरलाय हे कानावरून कळतं. सुवर्णाचे कान लाल झाले होते. मान ताठ, ओठ घट्ट, अगदी पोलिसाने पकडल्यासारखी.

मी भटजींच्या आवाजाआडून हळूच म्हणालो, "सुवर्णे, दात दाखव. नायतर मनमाडवाले म्हनतील, पोरगी उपाशी हाय."

ती फिस्सकन हसली. पलीकडून दीपकही हसला, कशाला ते न कळताच. समोरून सखुबाईचा आवाज आला, असा खणखणीत की भटजी एक ओळ विसरले:

"काढू का बिनघोर?"

तो फोटो आमच्या ओट्यावर लावलाय, डब्याच्या, मनमाडच्या आणि चकाकीच्या कॅमेऱ्यांच्या वर. त्या चौघांचे, म्हणजे डिजिटलसकट सगळ्यांचे, मी दर दसऱ्याला झेंडू वाहून आभार मानतो. पाचवं फूल चादरीला. सखुबाईने नवरा-नवरी झकास आणलीत, पण चादर धरणारे दोन्हीकडून कापलेत. कडेला उरलीत ती नुसती बोटं. सकाळपासून मी मांडवाची तोरणं ओवली होती, त्यामुळे माझी पिवळी धमक.

नवा माणूस आला की विचारतो, "ही बोटं कोणाची हो?"

मी म्हणतो, "केरूची. मुलीचं लग्न, येणार नाही का?"

आणि गंमत बघा, शिंगांवर, माकडावर, दिल्लीच्या साहेबांवर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, ते सगळे गावकरी मान डोलावतात. खरं काय ते सखुबाईला माहीत आहे, फोटो तिनेच काढलाय. पण ती चहा ठेवायला आत जाते.